नाताळची शिदोरी

नाताळ हा शब्द आपण मराठी माणसें इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, तो मूळचा परका असावा अशी शंकाहि मनांत येत नाहीं. परंतु तो समुद्रमार्गें आलेला शब्द आहे. पोर्तुगीज भाषेंत 'नाताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. सोळाव्या शतकांत गोवें व वसई या भागांत पोर्तुगीजांचा अंमल बसला, तेव्हां पाव, काजू, बटाटा, अननस या नांवांच्या संगतीनें हेंहि नांव आपल्या किनाऱ्यावर उतरलें. पुढें तें घाट चढून देशावर आलें, आणि ज्या मराठी ख्रिस्ती मंडळींस इंग्लिश व अमेरिकन मिशनरींनीं शिक्षण दिलें, त्यांच्याहि तोंडीं 'ख्रिसमस' न बसतां नाताळच बसलें. जी गोष्ट शब्दाची तीच त्या सणाच्या खाद्यपदार्थांची. आमच्या वारूळवाडीस नाताळच्या ताटांत जे पदार्थ दिसतात ते एका गांवचे नव्हत, कीं एका देशाचेहि नव्हत.

या विषयाकडे आमचें लक्ष एका विद्यार्थिनीनें वेधलें. वर्गांत सणांवर निबंध लिहून घेत असतां तिनें उभें राहून विचारलें, "बाई, करंज्या-लाडू तर दिवाळीचे. मग नाताळांत आपलें स्वतःचें काय?" वर्गांत थोडा हशा पिकला. कोणी म्हणालें, "केक आपला." दुसऱ्यानें विचारलें, "तो तर दुकानांतून आणतात, तो आपला कसा?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खास नाहीं. आपल्या आईनें चार रात्री जागून जें केलें तें उसनें आणि पुण्याहून खोक्यांत बांधून आणलें तेंच खरें, अशी समजूत मुलांच्या मनांत घर करूं लागली आहे, हें त्या प्रश्नांतून दिसतें. म्हणून त्याचें उत्तर जरा सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर नाताळचा फराळ ही प्रवासाची शिदोरी आहे. आणि शिदोरी ज्या वाटेनें जावयाचें त्या वाटेला साजेशीच बांधावी लागते.

वाट म्हटली कीं आमचें गांव डोळ्यांपुढें येतें. नारायणगांवास लागूनच वारूळवाडी आहे. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें ७५ किलोमीटर आलें म्हणजे ही जोडगांवें लागतात. उत्तरेस थोडें पुढें आळेफाटा आहे. तेथें कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता या हमरस्त्यास छेदून जातो. म्हणजे आमच्या दाराशीं चार दिशांच्या वाटा येऊन मिळतात. डिसेंबरांत या वाटांवर जी रहदारी असते ती पाहण्यासारखी. टोमॅटोच्या क्रेटांनीं भरलेले टेंपो, उसाच्या मोळ्यांनीं वांकलेले ट्रॅक्टर, ओझरच्या विघ्नेश्वराकडे व लेण्याद्रीकडे निघालेले यात्रेकरू, शाळांच्या सहलींच्या गाड्या. आणि त्यांतच मांडीवर पत्र्याचा डबा घट्ट धरून बसलेलीं आमच्यासारखीं माणसें. या भागांत ख्रिस्ती घरें थोडीं. कोणाचे आईबाप नगरकडे, कोणाची बहीण पुण्यास, कोणाचे सासर नाशिकला, कोणाचा मुलगा वसतिगृहांत. त्यामुळें नाताळ जवळ आला कीं सर्वांसच कोठें ना कोठें जावें लागतें. पहिला नाताळहि घरीं झालाच नव्हता. नांवनिशीसाठीं प्रवास करून गेलेल्या, उतारशाळेंत जागा न मिळालेल्या कुटुंबाची ती हकीकत आहे. आणि ज्या गांवीं तें कुटुंब गेलें त्या बेथलेहेमाचा इब्री भाषेंत अर्थच 'भाकरीचें घर' असा होतो.

आमच्या सासूबाईंचें माहेर नगरकडील. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली एस. टी. गाडी पुण्याहून अहमदनगरला धांवली, तिच्या गोष्टी त्यांच्या वडीलमंडळींत मोठ्या अभिमानानें सांगितल्या जात. अहमदनगरचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, परंतु घरीं अजून नगरच म्हणतात. एस. टी. येण्यापूर्वीं लोक बैलगाडीनें किंवा पायीं जात. एका मुक्कामास दोन दिवस लागले तर वाटेंत खावयाचें काय? खाणावळी नव्हत्या, आणि असल्या तरी पैसा नव्हता. तेव्हां बरोबर न्यावयाचें तें न नासणारें, न सांडणारें, हाताला न चिकटणारें आणि थोडक्यांत पोट भरणारें असेंच असावें लागे. भाकरी पहिल्या दिवशीं उत्तम, दुसऱ्या दिवशीं कडक. म्हणून जुन्या बायका पाण्याऐवजीं दुधांत पीठ मळून दशम्या करीत. त्या मऊहि राहत आणि टिकतहि. परंतु आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस टिकावयास पाहिजे असेल तर तळणाशिवाय गति नाहीं.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस हें रसायनाच्या तासाला उपयोगी पडेल. अन्न नासतें तें सूक्ष्म जंतु व बुरशी यांच्यामुळें, आणि त्यांना वाढावयास पाणी लागतें. तेव्हां पाणी घालवा किंवा बांधून ठेवा, म्हणजे अन्न टिकतें. करंजीच्या पारीत आपण तापलेल्या तुपाचें मोहन घालतों. तें तूप पिठाच्या कणांभोंवतीं बसतें, त्यामुळें पाण्यानें गव्हाचा जो चिवट तंतु तयार होतो तो लांब ओढला जात नाहीं, आणि पारी वातड न होतां खुसखुशीत होते. सारणांत ओलें नारळ न घालतां सुकें खोबरें घालतात, तें केवळ रिवाज म्हणून नव्हे. ओल्या खोबऱ्यांत निम्म्याच्या आसपास पाणीच असतें. नीट वाळलेल्या खोबऱ्यांत तें शेंकडा सहा-सात इतकेंच उरतें. उरलेलें पाणी साखर आपल्याकडे ओढून धरते, जंतूंच्या हातीं लागूं देत नाहीं. मग करंजी तुपांत सोडली कीं भोंवतीं बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. ते बुडबुडे तुपाचे नव्हत; पारींतील पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतें. कल्लोळ शांत झाला म्हणजे पाणी संपलें, करंजी झाली. आमच्या सासूबाईंना हें शास्त्र कोणीं शिकविलें नव्हतें. त्या नुसत्या म्हणत, "आवाज बसला कीं काढ."

अनारशाची कृति याहूनहि विचार करण्यासारखी आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें. मग उपसून फडक्यावर सावलींत पसरावयाचे, आणि थोडे दमट असतांनाच कुटून चाळावयाचे. त्या पिठांत किसलेला गूळ मिसळून घट्ट गोळे बांधून डब्यांत ठेवले कीं पुढें काम उरतें तें केवळ तळण्याचें. तीन दिवसांच्या भिजण्यानें तांदूळ किंचित् आंबतो व दाणा हलका होतो. तळतांना त्याला जी सुंदर जाळी पडते ती त्याचमुळें. परंतु प्रवासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, गुळानें बांधलेलें हें पीठ कित्येक दिवस टिकतें. म्हणजे अनारसा न नेतां अनारशाचें पीठच न्यावें आणि ज्या घरीं उतरावयाचें तेथें ताजें तळावें. नगरकडे आमच्या घरची रीत हीच. एक बाजू खसखशीवर थापून, ती बाजू वर ठेवून, मंद आंचेवर, न उलटतां, वरून झाऱ्यानें तूप उडवीत तळावें लागतें. गूळ जास्त झाला किंवा तूप फार तापलें, तर अनारसा कढईंत विरघळून पसरतो. त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. बायकांनीं इतकें कष्ट करावे आणि अनारशानें हसावें, यांत त्याला नांव देणारीच्या विनोदबुद्धीचें कौतुक वाटतें.

चकलीचें मात्र थोडें निराळें आहे. तिला वाटेंत ऊन चालतें, धक्के चालतात, पण दमट हवा चालत नाहीं. देशावरचा डिसेंबर कोरडा. सकाळीं गव्हाच्या शेतांवर धुकें असलें तरी दहापर्यंत हवा अशी सुकते कीं चकली उघडी ठेवली तरी दोन दिवस कुरकुरीत राहावी. हीच चकली घेऊन आम्हीं एकदां वसईस गेलों होतों. आळेफाट्यावरून ओतूरमार्गें माळशेज घाट उतरलों, मुरबाड, कल्याण, तेथून पुढें आगगाडीनें वसई. मुक्कामीं पोंचून डबा उघडला तों चकल्यांनीं मान टाकलेली. आमच्या यजमानीणबाई हसून म्हणाल्या, "इकडे समुद्राजवळ तुमचें हें टिकायचें नाहीं." आणि त्यांनीं आमच्यापुढें त्यांच्या नाताळचें ताट ठेवलें.

त्या ताटाचें वर्णन केलें पाहिजे, कारण तेंहि मराठीच ताट आहे. वसईचे ख्रिस्ती लोक आपल्या घरांत मराठीच्याच बोली बोलतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनीं किल्ला घेईपर्यंत, तेथें पोर्तुगीजांचें राज्य होतें. दोनशें वर्षांत त्यांच्या स्वयंपाकाची छाप तेथील चुलींवर पडली. फुगे म्हणून एक पदार्थ होता: मैदा, अंडीं व नारळाचें दूध एकत्र करून तें मिश्रण आंबवितात आणि मुठींतून लहान गोळे तेलांत सोडतात, ते टम्म फुगतात व आंतून पोकळ, मऊ राहतात. पूर्वीं आंबविण्यास ताडी घालीत, आतां यीस्ट घालतात. फुगे दोन दिवसांवर टिकत नाहींत, पण ते टिकविण्याचें कारणच काय? ते त्याच दिवशीं रश्श्याबरोबर खावयाचे. त्यांचा मसालाहि पाहिला. उन्हाळ्यांत अनेक जिन्नस वाळवून, भाजून, कांडून तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. गडद कांच अशासाठीं कीं, उजेडानें मसाल्याचा रंग व वास उडूं नये.

परंतु आम्हांस विशेष नवल वाटलें तें इंद्यालाचें. सिरका, लसूण व लाल मिरची यांत मुरवून शिजविलेलें हें मांस. गोव्याकडील विंदालू तें याचेंच भावंड. या नांवाचें मूळ पोर्तुगीज भाषेंतील द्राक्षासव व लसूण या अर्थाच्या शब्दांत आहे. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांस मांस टिकविण्याचा उपाय म्हणून तें लसूण घालून अशा आंबट द्रवांत बुडवून ठेवण्याची ती रीत. आम्लांत जंतु वाढत नाहींत. इकडे आल्यावर त्यांत सिरका व आपले मसाले पडले, आणि पोर्तुगीजांनींच अमेरिकेहून आणलेली मिरचीहि पडली. म्हणजे करंजी ही बैलगाडीच्या वाटेवरची शिदोरी, तर इंद्याल ही गलबतावरची. दोघींची भेट त्या दिवशीं वसईच्या एका पडवींत झाली.

परत येतांना माळशेजच्या वळणावळणांवर हाच विचार मनांत घोळत होता. ही वाट कांहीं आजची नव्हे. माळशेजच्या शेजारींच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या काळीं सोपारा व कल्याण या बंदरांतील माल त्या घाटानें जुन्नरास चढत असे. सोपारा म्हणजे वसईच्या अगदीं जवळचें नालासोपारें. घाटमाथ्यावर दगडांत कोरलेला एक मोठा रांजण अजून आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत अशी समजूत आहे. तेथील लेण्यांत राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे, त्यांत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत, आणि आपल्या अंकांच्या इतिहासांत त्यांस मोठें महत्त्व आहे. सहलीस तेथें गेलेल्या मुलांनीं तो रांजण पाहिलाच असेल. शिलालेखाकडे मात्र फारच थोडे वळतात. त्या वाटेनें जाणाऱ्या लमाणांनीं व व्यापाऱ्यांनीं कोणती शिदोरी बांधली असेल तें कोणीं कोरून ठेवलें नाहीं.

गोव्याविषयीं थोडक्यांतच लिहितों. तेथें नाताळच्या फराळास कुस्वार म्हणतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. नारळाचें दूध, तांदळाचें पीठ व काळा गूळ तासन्‌तास ढवळून केलेलें दोदोल. आणि एकावर एक थर भाजून केलेली बेबिंका. दोदोल ढवळतांना हात थांबला कीं तें लागतें, म्हणून घरांतील सर्वांच्या पाळ्या लागतात. हे सर्व पदार्थ तबकांत मांडून, वर विणलेला रुमाल घालून, शेजाऱ्यांच्या घरीं पाठवितात. शेजारी हिंदु असला तरीहि. आणि गणेशचतुर्थीस त्या घरून नेवऱ्या येतात.

हें तबक पाठविण्याचें प्रकरण वरवर गोड दिसतें, परंतु त्यामागें कडू इतिहास आहे, आणि तो मुलांस सांगितला पाहिजे. फराळ हा शब्द 'फलाहार' यावरून आला. उपवासास चालेल असें जें तें फलाहार. आपल्या जुन्या समाजांत कोणाच्या हातचें काय खावें याचे कडक नियम होते. पाण्यांत शिजविलेला भात किंवा पाण्यांत मळलेली भाकरी परजातीच्या हातची चालत नसे; परंतु दुधांत मळलेल्या दशमीला व तुपांत तळलेल्या पदार्थाला पुष्कळ ठिकाणीं सूट असे. प्रवासांत सोंवळें संभाळण्याची ती एक सोय होती. त्यामुळें असें झालें कीं, जी वस्तु लांबच्या वाटेनें जाऊं शके, तीच शेजारच्या उंबऱ्यावरूनहि जाऊं शके. करंजी, लाडू, चकली यांनीं दोन्ही अंतरें तोडलीं.

पण सर्वांसाठीं नव्हे. नगर येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें. त्या भागांत जे लोक ख्रिस्ती झाले त्यांतील पुष्कळ कुटुंबें महार व मांग समाजांतील होतीं. ज्यांना गांवच्या पाणवठ्यास हात लावूं देत नसत, त्यांच्या करंजींत तूप आहे म्हणून ती कोणी घेतली असती असें मुळींच नव्हे. सासूबाईंच्या आजी सांगत कीं, नाताळचें ताट त्या भरीत असत, परंतु नेऊन द्यावयाचें कोणास हा प्रश्न असे. मग तें देवळाच्या आवारांत सर्वांनीं मिळूनच खावयाचें. आणि उच्च जातींतून आलेल्यांनाहि हें सोपें गेलें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तो १९०० सालीं घेतला. मधल्या काळांत त्या आपला स्वयंपाक व पाणी वेगळें ठेवीत, आणि तें सोंवळें मनांतून कसकसें सुटत गेलें हें त्यांनीं आपल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत मोकळ्या मनानें व हंसत-हंसवीत सांगितलें आहे. तो ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळांत भागशः प्रसिद्ध झाला. वरच्या वर्गांतील मुलांनीं तो अवश्य वाचावा. त्यांतील मराठी इतकें घरगुती आहे कीं शब्दकोशाची गरज पडत नाहीं.

१९५० सालीं भारताची राज्यघटना अमलांत आली, आणि तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यानें पाणवठा मोकळा होतो. ताट घेणारा हात मात्र कायद्यानें पुढें होत नाहीं, त्याला वेळ लागतो. म्हणून वारूळवाडींत आमच्या घरून नाताळच्या सकाळीं ताटें निघतात तेव्हां, तीं घेऊन जाणाऱ्या आमच्या मुलांस तें एक सकाळचें काम वाटतें, परंतु सासूबाई दारांत उभ्या राहून तीं कोठवर गेलीं हें पाहत राहतात. त्यांच्या पाहण्याचा अर्थ मुलांस अजून कळलेला नाहीं.

एस. टी.च्या प्रवासांतील एक आठवण येथें सांगावीशी वाटते. आम्हीं बेल्ह्यावरून नगरकडे चाललों होतों. आणें गांव मागें पडलें होतें. त्या गांवच्या यात्रेंतील आमटी-भाकरीचा महाप्रसाद पंचक्रोशींत नांवाजलेला आहे, त्याचीच गोष्ट गाडींत चालली होती. शेजारीं एक वयस्क शेतकरीण बसली होती. आमच्या धाकट्यानें भूक-भूक केली म्हणून डबा उघडला. बाईंनीं डोकावून पाहिलें आणि विचारलें, "दिवाळी होऊन गेली की! आतां करंज्या कशाच्या गं बाई?" आम्हीं म्हटलें, "मावशी, आमचा नाताळ आहे. ही आमची दिवाळीच म्हणा." तिनें एक करंजी घेतली, मोडून पाहिली, सारणाचा वास घेतला आणि म्हणाली, "वेलदोडा जास्त झालाय." मग पदराच्या गांठींतून मूठभर बोरें काढून मुलाच्या हातांत दिलीं. करंजीचा धर्म तिनें विचारला नाहीं. तिची चव विचारली. वर्गांतील त्या मुलीच्या प्रश्नास याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

आतां केकाविषयीं. तो दुकानांतला असें मुलें म्हणतात, पण नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत केक घरींच होई, आणि तोहि भट्टीवांचून. मोठ्या पातेल्यांत तळाशीं वाळू पसरीत, त्यावर केकाचें भांडें ठेवीत, वर झांकण घालून झांकणावर निखारे रचीत. वाळू उष्णता हळूहळू व सारखी पोंचविते, म्हणून खालून करपत नाहीं. वरच्या निखाऱ्यांनीं वरचा भाग भाजला जातो. मनुका संत्र्याच्या रसांत आदल्या रात्रीं भिजत घालाव्या. त्या रस पितात आणि मग केक आंतून ओलसर राहतो. कोरड्याच घातल्या तर त्या पिठांतील ओलावा ओढून घेतात व केक भुगा होतो. मुलांनो, हा प्रयोग घरीं करून पाहा, परंतु निखाऱ्यांशीं मोठें माणूस असावें. साखर, लोणी व सुका मेवा यांनीं भरलेला असा केकहि चांगला टिकतो. थंड देशांत नाताळच्या काळीं ताजीं फळें दुर्मिळ, तेव्हां उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेलीं फळेंच त्यांत पडलीं. पाहिलें तर तोहि शिदोरीच्याच जातीचा.

पालकमंडळींस दोन शब्द. या सर्व कामाचा भार अजून बहुतेक घरांतून एकट्या बाईवरच पडतो. ती दिवसभर नोकरी करून किंवा शेतांतून येते आणि रात्रीं कढई ठेवते. घरांतील पुरुष मंडळी डब्याचें झांकण उघडून 'झालें का?' एवढें विचारतात. मग ती दमून विकत आणते, यांत तिचा दोष काय? दोदोल ढवळावयास गोव्यांत पाळ्या लागतात, तशा चकलीच्या सोऱ्यासहि आपल्या घरीं लावाव्या. पुरुषाच्या हातांत जोर असतो, सोऱ्यास तोच पाहिजे. आमच्या घरीं हा प्रयोग चार वर्षें चालू आहे; पहिल्या वर्षींच्या चकल्यांचा आकार सांगण्यासारखा नव्हता, पण खाल्ल्या मात्र सर्वांनीं.

दुसरी अडचण मापांची. आम्हीं सासूबाईंस विचारून कृति लिहून घेण्याचा प्रयत्न केला. दूध किती? "लागेल तेवढें." मोहन किती? "पिठाचा मुटका वळला पाहिजे." तूप किती तापवावें? "पिठाची गोळी टाकून बघायची." प्रथम आम्हांस वाटलें, हें माप नव्हे. नंतर कळलें कीं हेंच माप खरें. पीठ कोरड्या हवेंत अधिक पाणी पितें, दमट हवेंत कमी. गहूं निराळा आला कीं हिशेब बदलतो. वाटीचें माप पिठाला ठाऊक नसतें. मुटका वळतो किंवा न वळतो हें त्या दिवशींच्या पिठाचें स्वतःचें उत्तर असतें. म्हणून लिहून घ्यावयाचें तर वाट्या न लिहितां या खुणा लिहाव्या, आणि लिहितांना शेजारीं उभें राहून हातानें पाहावें. आमच्या वहींत अशीं तेवीस पानें झालीं आहेत. चोविसावें मासवडीचें आहे.

मासवडी हा आमच्या जुन्नर-आंबेगांव भागाचा पदार्थ. नांवांत मासा आहे, पण वडींत मासा नाहीं. बेसन पाण्यांत शिजवून घट्ट करावयाचें, ओल्या फडक्यावर गरम असतांनाच थापावयाचें, त्यावर तीळ, सुकें खोबरें, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचें सारण पसरावयाचें, आणि फडक्यासकट वळून दाबून त्याला माशासारखा आकार द्यावयाचा. मग वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर, बाजरीच्या भाकरीशीं खावयाच्या. ही वडी प्रवासास निघत नाहीं. डब्यांत भरली तर मोडते, रस्सा सांडतो, संध्याकाळपर्यंत तिला पाणी सुटतें. जो खाणार त्यानें येथें यावें लागतें. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या घरीं मासवडी असते; पुण्याचे, नाशिकचे, वसतिगृहांतले सर्वजण त्या एका जेवणासाठीं मुक्काम वाढवितात. आणि २६ डिसेंबरला संध्याकाळीं नारायणगांवच्या स्टँडवर त्यांना पोंचवावयास आम्हीं जातों, तेव्हां प्रत्येकाच्या हातांत भरलेला डबा असतो: खालीं लाडू, मधें कागद, वर करंज्या, चकल्या निराळ्या पिशवींत, कारण त्यांचा लाडवाच्या ओलाव्याशीं संबंध येतां कामा नये.

शेजाऱ्यांकडे गेलेलीं ताटें त्या दिवसांत परत येत नाहींत. रिकामें ताट परत करूं नये अशी आपल्याकडे रीत आहे, म्हणून तीं त्यांच्या फळीवरच राहतात. मकरसंक्रांत झाली कीं एकेक ताट शेजारचीं मुलें घेऊन येतात, वर तिळाच्या वड्या असतात, आणि कोणत्या घराचें ताट कोणतें हें सासूबाई कांठावरील खुणेवरून ओळखतात.